ओळीने वाचा

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत यंदा हिशेब दहा मिनिटांत मंजूर झाले आणि रोजच्या मननावर पावणेदोन तास वाद चालला. विषय साधा होता. दैनिक मननाची छापील पुस्तिका मागवणं बंद करायचं का? रोज पहाटे व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन येतंच, मग पुस्तिकेवर खर्च कशाला? पांढऱ्या केसांची बाजू म्हणाली, मोबाइलवर वचन वाचता वाचता मध्येच कुणाच्या साखरपुड्याचे फोटो टपकतात, याला काय शांतसमय, म्हणजे देवापाशी एकट्याने बसायची वेळ, म्हणायचं? काळ्या केसांची बाजू म्हणाली, तुमच्या पुस्तिकांचे गठ्ठे कपाटात सुतळीसकट पडलेत, आमचं वचन निदान उघडलं तरी जातं. मग डोळ्यांचा त्रास निघाला, कागदासाठी तोडली जाणारी झाडं निघाली. शेवटी पाळकसाहेबांनी तोडगा काढला की निम्म्या पुस्तिका मागवायच्या. म्हणजे दोन्ही बाजू हरल्या आणि चहा गार झाला.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. भांडण ताटावरून चाललं होतं, ताटात काय वाढलंय ते कुणी पाहिलंच नाही. पुस्तिका घ्या नाहीतर मोबाइल घ्या, आत ऐवज एकच. वर एक वचन, खाली पंधरा-वीस ओळींचं मनन, त्यात एखादा किस्सा, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. आज स्तोत्रसंहिता, उद्या फिलिप्पैकरांस, परवा पुन्हा स्तोत्र. कालच्याचा आजच्याशी संबंध नाही, वचनाच्या आधीची ओळ माहीत नाही, नंतरचीही नाही. आपण मनन कशावर वाचतो याने फारसं काही बिघडत नाही. वेचून वाचतो, याने बिघडतं. वेचलेलं वचन आपल्याला बहुतेक वेळा तेच सांगतं जे ऐकायला आपण आधीच तयार बसलेलो असतो. ओळीने वाचणाऱ्याच्या वाटेत मात्र नको असलेलं येतं, कंटाळवाणं येतं, अंगावर येणारंही येतं. तेच नको असेल तर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तरी कशाला हवं, सुविचारांची वही पुरे.

आजीची आठवण इथे टाळता येत नाही. आजी-आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीच्या कामासाठी इंदूरला आले. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय. अहिल्याबाईही चौंडीहून माळव्यात आल्या त्या ह्याच दिशेने, असं आजोबा मोठ्या ऐटीत सांगायचे.) रविवारची उपासना इथे हिंदीत, पण घरचं वाचन मराठीतच. रात्रीची जेवणं झाली, ओटा पुसून झाला की आजी काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र घेऊन बसायची. खुणेला सिटी बसचं तिकीट. काल तिकीट जिथे ठेवलं तिथून पुढे एक अध्याय. इतिहासाचं पहिलं पुस्तक लागलं की आम्हा भावंडांची पंचाईत व्हायची, कारण सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ नुसती नावं. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमुक. आम्ही हसू दाबत एकमेकांना चिमटे काढायचो. एकदा मी म्हटलं, "आजी, हे गाळ ना, गोष्ट आली की वाच." तिने चष्म्यावरून पाहिलं. "गाळायचं नाही. त्यांच्याही आया होत्या रे," म्हणाली, आणि अडखळत पुढचं नाव वाचलं. आजी चौथी शिकलेली होती. यात आपण निवड करायची नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

मुळात हे वचनांचे तुकडे पाडले कुणी? बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकातले, त्यांचं श्रेय कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांना देतात. नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे दिले ते जिनिव्हातल्या रॉबेर एतिएन या मुद्रकाने, १५५१ साली. म्हणजे प्रेषित पौलाच्या पाठीमागे सुमारे पंधराशे वर्षांनी, एका छापखानेवाल्याने, सोय म्हणून. पौलाने लिहिली होती पत्रं. कलस्सै इथल्या मंडळीला तो शेवटी सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. पत्र सबंध वाचायचं असतं. गावाहून आईचं पत्र आलं तर त्यातली 'तुझी फार आठवण येते' एवढी ओळ कापून आपण भिंतीवर लावतो का, आणि खालचं 'ह्यांची कंबर धरलीये, सोसायटीचा हप्ता थकलाय' न वाचताच पाकीट बंद करतो का?

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचं उदाहरण घ्या. एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन माहीत नाही असं ख्रिस्ती घर इंदुरात सापडायचं नाही. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. चहाच्या मगवर ते आहे, दहावीच्या निकालादिवशी ते येतं, लग्नपत्रिकेवर ते छापतात. पहाटे कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरायच्या आत ते सूर्योदयाच्या चित्रावर बसून तुमच्या फोनवर हजर असतं. हे वचनही एका पत्रातलंच, बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्यांना यरुशलेमहून पाठवलेल्या. त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मात्र मी आजवर एकाही मगवर पाहिलेलं नाही. बाबेलची सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमच्याकडे लक्ष देईन, असं ते आहे. सत्तर! पत्र ऐकायला बसलेल्यांत जो तिशीचा होता, तो काही यरुशलेम पुन्हा बघणार नव्हता.

आणखी एक पान मागे जा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, पात्रं येतील, बंदिवान येतील. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून तो मोडूनही दाखवतो. किती बरं वाटलं असेल लोकांना! यिर्मया त्याला तोंडावर खोटा ठरवतो आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. आता मला सांगा, 'संकल्प हिताचे आहेत' एवढंच वाचून ज्याला वाटतं की येत्या सहा महिन्यांत आपली नोकरी पक्की, तो वाचतोय कुणाचं? शब्द यिर्मयाचे आहेत, आश्वासन हनन्याचं आहे. ओळीने वाचणाऱ्याची ही फसगत होत नाही, कारण हनन्या त्याला कालच भेटलेला असतो. शिवाय त्याच पत्रात पाचव्या वचनापासून सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात पाठवलं त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आम्ही इंदूरची मराठी माणसं काही बंदिवान नव्हतो. होळकरांच्या मागून आलो, पोटाच्या मागून आलो. तरी इतक्या पिढ्यांनंतरही 'आमच्याकडे पुण्याला' असं बोलणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांना सातवं वचन रोज पाठवायला हवं. (बघा, मीही वेचायला लागलो.)

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. सभेत एक नर्सताई उभ्या राहिल्या. नाइट करून साडेसातला घरी येते, डबे करते, मुलांना शाळेत सोडते, मग पडते. त्या तीन ओळी हीच माझी रोजची भाकर आहे, त्या काढून घेऊ नका, म्हणाल्या. यावर कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि एका वचनाची परंपराही काही मोबाइलने आणलेली नाही. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी ३ मे १७२८ रोजी काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ यांनी मोरावियन मंडळीला दिवसाचं पहिलं बोधवचन दिलं. पुढे रोज सकाळी ते घरोघर जाऊन सांगितलं जायचं. १७३१पासून वर्षाची पुस्तिका छापली जाऊ लागली आणि ती आजही निघते. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर ती वापरत. १९३९च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला होते, मित्रांनी त्यांना नाझींपासून दूर, सुरक्षित जागी नेलं होतं. २६ जूनला सहज त्यांच्या वाचनात पौलाने तीमथ्याला लिहिलेली ओळ आली की हिवाळ्यापूर्वी यायचं बघ. एवढीच ओळ. ती दिवसभर पाठ सोडेना. जुलैत ते जर्मनीला परतले, आणि ९ एप्रिल १९४५ला त्यांना फाशी दिलं गेलं. एका ओळीने काय होतं, असं विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पण त्या ओळीकडे नीट पाहा. मगवर छापायच्या लायकीची ती आहे का? पौल कैदेत आहे, थंडी पडायच्या आत झगा घेऊन ये म्हणतोय. कुठल्याही मननकाराने दिवसाचं वचन म्हणून ती निवडली नसती. बॉनहॉफरनी स्वतःसाठी तर नसतीच निवडली, कारण ती त्यांना नको तिकडे ओढत होती. मोरावियनांनीही जुन्या करारातलं वचन काढायला चिठ्ठ्यांची पद्धत ठेवली, ती उगीच नव्हे. निवडणारा हात आपला नसावा, ही खबरदारी त्यात आहे. आमच्या पहाटेच्या चित्रातल्या वचनामागे तो हात कुणाचा असतो? ज्याला 'आमेन' आणि जोडलेले हात जास्त येतात त्याचा.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. प्रभू येशूनेही रानात सैतानाच्या मोहाला तोंड दिलं ते सुट्या वचनांनीच ना? होय. 'असा लेख आहे' म्हणत तीनदा. पण ती तीनही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, हाकेच्या अंतरावरची, आणि त्या भागात रानातल्या चाळीस वर्षांचीच आठवण आहे. सबंध भाग ज्याच्या अंगात मुरला आहे त्याच्या तोंडी तो प्रसंगाला असा येतो. त्या संवादात खरोखर सुटं वचन वापरणारा कोण होता? सैतान. एक्याण्णवाव्या स्तोत्रातली अकरावी-बारावी ओळ, देवदूत तुला तळहातावर झेलतील. पुढच्याच, तेराव्या ओळीत सिंह आणि नाग पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. बरोबर तिच्या अलीकडे तो थांबला. वेचून वाचण्याचा यापेक्षा जुना नमुना मला माहीत नाही.

आणि यापेक्षा भयंकर नमुना १८०७ सालचा. लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी 'निवडक भाग' असं मुखपृष्ठावर सरळ लिहून. ११८९ अध्यायांपैकी त्यात २३२ ठेवले. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि धन्याशी इमानाने वागला, ते ठेवलं. मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढलं, ते काढलं. दासांनो, आपल्या धन्यांचं ऐका, हे राहिलं. ख्रिस्तात दास नाही की स्वतंत्र नाही, हे पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं वाक्य गेलं. एकही शब्द खोटा नाही, एकही शब्द बदललेला नाही. नुसतं वेचलं, आणि सुटकेच्या पुस्तकातून बेडी घडवली. तुम्ही म्हणाल, असलं बायबल छापणाऱ्यांशी बिचाऱ्या मननकारांची बरोबरी कशाला? हेतू एक नाहीतच, कबूल. मननकार प्रेमाने वेचतो. पण वर्षभराची वचनं जमवून बघा. आमोस संदेष्ट्याचं 'तुमच्या सणांचा मला वीट आला आहे' त्यात किती वेळा आलं? त्यांनी मळेवाल्यांच्या सोयीचं बायबल केलं. आपलं कुणाच्या सोयीचं झालंय?

हो, ओळीने वाचण्यातही खड्डे आहेत. जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करणाऱ्यांची गाडी फेब्रुवारीत लेवीय या नियमांच्या पुस्तकात रुतते, हा सर्वांचा अनुभव, माझा तीनदाचा. रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकाने १८४२च्या अखेरीस डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा वाचनक्रम आखला. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो क्रम आजही जगभर चालतो. पण क्रमासोबतच त्याने धोकेही लिहून ठेवले. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला आपल्याच धार्मिकपणाचं कौतुक वाटू लागेल, घाईत वरवर वाचलं जाईल, काहींना ते ओझं वाटेल. आमच्या शेजारच्या काकूंकडे गुरुचरित्राचा सप्ताह असतो. त्रेपन्न अध्याय, सात दिवस, कुठल्या दिवशी किती ते ठरलेलं. आवडता अध्याय दोनदा वाचून नावडता सोडायचा, असा विचारही काकू करणार नाहीत. ही शिस्त मराठी घरांत मुरलेली आहे, आम्ही ख्रिस्ती मराठी माणसांनीच ती का सोडली हे मला कोडं आहे. पण 'पारायण उरकलं' असंही काकूच म्हणतात, आणि त्या 'उरकलं'मध्ये मॅकशेनचे सगळे धोके आले.

म्हणून मी वर्षात सबंध बायबल संपवायला सांगत नाही. माझी मागणी फार छोटी आहे. नर्सताईंना तीन ओळीच पाठवा, पण कालच्या तीन ओळींच्या पुढच्या. वेळ तेवढाच, मोबाइल तोच, मार्कचं शुभवर्तमान सात-आठ महिन्यांत आपोआप होऊन जाईल. रूथचे तर चारच अध्याय. शाळेच्या भिंतीवर समर्थांच्या नावाने रंगवलेली ओळ आठवा, 'दिसामाजी काही तरी ते लिहावे, प्रसंगी अखंडित वाचीत जावे.' आपण 'काही तरी' तेवढं उचललं, तेही चुकीच्या क्रियापदाला जोडून.

'पण सामान्य माणसाला ओळीने वाचून कळणार काय?' हा प्रश्न सभेत ज्यांनी विचारला ते स्वतः पदवीधर होते, हे सांगून पुढे जातो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती आपल्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायांना कळावं म्हणून. १९२२ साली गेल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. त्या बायांना निवडक वचनांची पुस्तिका पुरेल असं त्यांना वाटलं नाही. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी साहेबाने नवा करार दिला. ते मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि त्या तीन अध्यायांनी त्यांना धरून ठेवलं. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या साहेबाने गुलाबाच्या फुलांचं एक वचनकार्ड हातात ठेवलं असतं तर? कळत नाही तिथे विचारायचं असतं. नव्या करारातला कूश देशाचा षंढ अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत होता, फिलिप्प या प्रचारकाने विचारलं, वाचताय ते कळतंय का? तो म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? हा प्रश्न त्याला पडला तो रथात ग्रंथ उघडून बसला होता म्हणून. चित्रातल्या वचनाला असा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यात न कळण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

राहिला सर्वांत जड आक्षेप. वाचनाचे एवढे चोचले कशाला, शेवटी जगणं महत्त्वाचं. सिस्टर राणी मारियांचं उदाहरण इथल्या लोकांना सांगायला नको. उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचं काम करताना २५ फेब्रुवारी १९९५ला बसमध्ये त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. इथे कुणी किती अध्याय वाचले हे मोजायची माझी हिंमत नाही. तरी एक विचारतो. शत्रूवर प्रीती करा, हे वाक्य स्वतःच्या बहिणीच्या खुन्यासाठी कोण वेचून काढेल? ते वाटेत यावं लागतं, पुन्हा पुन्हा, नको असताना.

माझ्या वाटेत आलेलं फार किरकोळ आहे. गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या भांडीवाल्या बाई चार दिवस गावी गेल्या. मी खाडे कापले. तेव्हा घरी याकोबाचं पत्र ओळीने चाललं होतं, रोज पाच-सहा वचनं. पाचव्या अध्यायातलं चौथं वचन माझ्याच वाट्याला आलं. शेतं कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. बायको काही बोलली नाही, नुसती भांड्यांच्या मोरीकडे बघत राहिली. हे मी निवडलं असतं का? कधीच नाही. पैसे मी दिले, पण दिवाळी उलटून गेल्यावर. तोवर 'आम्ही काही शेतं कापायला ठेवत नाही' असा युक्तिवाद मी मनात बराच घोळवला.

सभेनंतर आम्ही चार घरांनी पुस्तिका आणि मोबाइल दोन्ही बाजूला ठेवून बुधवारी संध्याकाळी मार्क उघडला. मोठ्याने, पाळीपाळीने, जिथे थांबलो तिथून पुढे. चार बुधवार बरे गेले. पाचव्या अध्यायात भूतग्रस्त माणूस बरा होतो आणि भुतं डुकरांच्या कळपात शिरतात. सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात पडून मरतात. वाचणारे काका 'स्तुती असो' म्हणून पुढे सरकणार, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "पण डुकरं ज्यांची होती त्यांना भरपाई कोणी दिली?" काकांनी चष्मा काढून पुसला. कुणी म्हणालं, यहुद्यांना डुकरं वर्ज्यच होती. तर ती म्हणाली, मग ती पाळणारे यहुदी नसतील ना. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना फोन केला, ते म्हणाले, बघून सांगतो. आमचा सहावा अध्याय अजून सुरू झालेला नाही.